न खाल्लेल्या पन्ना कोट्ट्याचा क्लास

पन्ना कोट्टा शिकवायला घेतला तेव्हा तो मी जन्मात कधी खाल्ला नव्हता. पाहिलासुद्धा नव्हता. मासिकातल्या कात्रणात त्याचा एक फोटो होता, पण त्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवून गोल डाग पाडलेला. एवढ्या भांडवलावर मी दारावर बोर्ड लावला. आज दुसऱ्या कुणी असं केलं तर मी तिला तोंडावर लबाड म्हणेन. तेव्हा मात्र मी स्वतःला धाडसी समजत होते.

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली होती. आमचं घर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. उन्हाळ्याची सुट्टी लागली की गल्लोगल्ली क्लास निघायचे. मेंदीचे, स्पोकन इंग्लिशचे, साडीवरच्या रंगकामाचे, आणि हमखास स्वयंपाकाचे. स्वयंपाकाच्या क्लासला बायका वही घेऊन यायच्या. शिकवणारी ओट्यापाशी उभी राहून करून दाखवायची, बाकीच्या खुर्चीवर, पाटावर, दारात, जागा मिळेल तिथं बसून लिहून घ्यायच्या, आणि शेवटी प्रत्येकीला चव बघायला मिळायची. निम्म्या जणी त्या चवीसाठीच यायच्या असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

मी माहेरची कागलची, होम सायन्स शिकलेली. नवरा उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये होता. घरात माझी ओळख दोन प्रकारची, धाकट्याची बायको आणि पोरांची आई. दोन्हीत वाईट काही नव्हतं. पण मला माझं म्हणून काहीतरी पाहिजे होतं. तेव्हा हे मी कुणाला असं सरळ बोलून दाखवलं नाही, पण पाहिजे होतं आणि फार पाहिजे होतं.

अडचण होती सासूबाईंची. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात, तशा त्या माझ्या आत्या. त्यांच्या घरचा पिढीजात दुधाचा धंदा. कोल्हापुरात कट्ट्यावर म्हशी आणून बांधतात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात. दूध कोमट असतं, लोक उभ्या उभ्या पितात, मिशीला लागलेला फेस पुसतात आणि चालू लागतात. सासऱ्यांनी आयुष्यभर हेच केलं. मी लग्न होऊन आले तेव्हा म्हशी विकून झाल्या होत्या, पुढं सासरेही गेले, पण म्हशींचा तोरा आत्यांकडं शिल्लक होता. पिशवीचं दूध त्या घरात येऊ द्यायच्या नाहीत. रोज संध्याकाळी किटली घेऊन स्वतः गंगावेशीत जायच्या, धार काढताना समोर उभ्या राहायच्या आणि मगच दूध घ्यायच्या.

क्लासचं विचारलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कर की. शनवारी दोन ते पाच सैपाकघर तुझं. पर एक ध्यानात ठेव. आमच्या दुधात पाणी हाय असं पेठेत आजवर कुणी म्हटलं न्हाय. फसवलं म्हणून एक बाई जरी तुझ्या क्लासातनं उठून गेली, तर ती पाटी मी माझ्या हातानं उतरवीन."

मी मोठ्या तोंडानं म्हणाले, तशी वेळच येणार नाही.

आता ही वेळ मी स्वतःच्या हातानं कशी ओढवून घेतली ते सांगते. गल्लीच्या टोकाला नवी इमारत झाली होती, तिथं एक काकू राहायला आल्या होत्या. त्यांचे यजमान बोटीवर इंजिनियर होते, आता निवृत्त झाले होते. म्हणून बायका त्यांना बोटीवरच्या काकू म्हणायच्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या आल्या की त्यांच्याभोवती कोंडाळं व्हायचं. त्यांनी इटली बघितली होती ना. आमच्यातल्या बहुतेकींची धाव जोतिबापर्यंत, फार तर तुळजापूरपर्यंत.

त्या संक्रांतीला कुणीतरी विचारलं, "काकू, तिकडं गोडाचं काय करत्यात हो?" काकूंनी हातातला तिळगूळ खाली ठेवला आणि सांगितलं, "पन्ना कोट्टा. निव्वळ दुधाचा आणि सायीचा असतो. पांढराशुभ्र. चमचा लावला की थरथरतो. आणि वर लालभडक फळांचा आंबटगोड पाक." सांगताना त्यांचे डोळे अर्धे मिटले होते. सगळ्या बायका गप्प झाल्या. आमच्या गल्लीतल्या बायका गप्प होणं ही साधी गोष्ट नाही. मला त्या क्षणी काकूंचा असा हेवा वाटला की सांगायची सोय नाही. दोन दिवसांनी मी रद्दीत ठेवलेली जुनी मासिकं उपसली आणि एका कात्रणात मला तो सापडला. कृती अगदीच सोपी दिसत होती. दूध, साय, साखर गरम करा, त्यात जिलेटिन विरघळवा, वाट्यांत ओता, फ्रिजमध्ये चार तास ठेवा, ताटलीत पालथं घाला, वर फळांचा पाक. एवढंच. मी मनात म्हटलं, ह्यात काय आहे.

पेठेतला पेंटर तालमींच्या पाट्या आणि गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवायचा. त्यानंच माझा बोर्ड रंगवला. कुकरमधला केक, पंजाबी भाज्या, चायनीज, आणि खाली लाल अक्षरांत, बाकीच्यांच्या दुप्पट मोठं, "खास इटालियन पन्ना कोट्टा". लाल अक्षरं मी सांगितली नव्हती, पण पुसायलाही सांगितली नाहीत. आठ दिवसांत अकरा जणींनी नावं दिली. त्यात शेवटचं नाव बोटीवरच्या काकूंचं.

मला दरदरून घाम फुटला. अहो, ज्या बाईच्या कहाणीवर मी दुकान मांडलं तीच बाई वही घेऊन शिकायला येणार. पहिल्या शनिवारी केक झाला, बायका उठायला लागल्या, तेव्हा काकू माझ्याजवळ आल्या. मला त्या 'मॅडम' म्हणायच्या, मी त्यांच्या मुलीच्या वयाची असून. हळूच म्हणाल्या, "मॅडम, पन्ना कोट्टा तुम्ही कुठं खाल्लात?"

मी तिथल्या तिथं ठोकून दिलं, "पुण्यात. एका मोठ्या हॉटेलात."

त्या नुसतं "हं" म्हणाल्या आणि गेल्या. तो 'हं' माझ्या कानात तीन आठवडे राहिला. ही बाई मला चौथ्या, म्हणजे पन्ना कोट्ट्याच्या शनिवारी सगळ्यांसमोर उघडी पाडणार, ह्याबद्दल मला शंका उरली नाही.

मग सुरू झाली रंगीत तालीम. आमच्या घरात साय म्हणजे फ्रिजमधलं एक स्टीलचं पातेलं. रोजच्या दुधावरची साय त्यात पडते, तळाशी चमचाभर दही विरजण म्हणून असतं, आठवड्यानं ती घुसळायची, लोणी काढायचं, कढवायचं, तूप. आपल्याकडं सायीला ह्याहून वेगळं भविष्य नसतं. कात्रणात "दोन वाट्या साय" लिहिलं होतं. मी, होम सायन्सची पदवी घेतलेली बाई, त्याच पातेल्यातली दोन वाट्या साय काढली, दुधात घातली आणि गॅसवर चढवली. दोन मिनिटांत सगळं फाटलं. खाली चोथा, मध्ये हिरवट पाणी, वर तुपाचे डोळे. विरजणाची साय तापवली तर दुसरं काय होणार? हे शाळेतल्या पोरीलाही कळलं असतं.

आत्या डोकावल्या. "पनीर करतीस व्हय? चांगलं हाय."

मी म्हटलं, आत्या, विकतची साय मिळते डब्यात, ती आणते. त्या एवढ्या दुखावल्या की दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी किटली घेऊन निघताना उंबऱ्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हशीवाल्याच्या घरात विकतची साय. आता येवढंच ऱ्हायलं होतं." त्यानंतर डब्याचा विषय मी काढला नाही.

पुढचं भांडण जिलेटिनवरून. लक्ष्मीपुरीत बेकरीचं सामान मिळणाऱ्या दुकानात मी ते मागितलं. दुकानदार पुडी बांधताना म्हणाला, "वहिनी, उपासाला-बिपासाला घालू नगासा. हाडाचं असतंय ह्ये." मी घरी येऊन हे सांगण्याचा गाढवपणा केला. आता आमचं घर काही माळकरी नव्हे. रविवारी-बुधवारी मटण शिजतं आणि आत्या नळी फोडून खातात. पण मटणाची भांडी वेगळी, त्यांची फळी वेगळी, आणि दुधाचं पातेलं त्यांच्या आसपासही जायचं नाही असा दंडक.

"दुधात हाड?" आत्या म्हणाल्या. "म्हशीला लागतं त्ये. मटान मटनाच्या जागी, दूध दुधाच्या जागी. आणि तुझ्या क्लासात शनवार धरणाऱ्या बाया किती हायत, इचारलंस?"

विचारलं तर अकरातल्या सात जणी शनिवार पाळणाऱ्या निघाल्या. म्हणजे ते मला परवडणारच नव्हतं. मग मी चायना ग्रास आणलं. फालुद्यात वगैरे घालतात ना, पांढऱ्या सुतळीसारखं, समुद्रातल्या शेवाळापासून केलेलं, ते. पाण्यात भिजवायचं, उकळून विरघळवायचं, दुधात गाळायचं. पण किती घालायचं हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. पहिल्यांदा मी घातलं मूठभर. जे तयार झालं ते ताटलीत पडताना आवाज झाला. धाकट्या पोरानं ते हातात घेऊन भिंतीवर टाकलं तर ते परत आलं. नवऱ्यानं एक घास खाल्ला, बराच वेळ चावला आणि वर्कशॉपला निघून गेला.

माझा स्वभाव तापट आहे हे मी कबूल करते. त्या दिवशी मी कात्रणाचा बोळा केला आणि केराच्या टोपलीत टाकला. मग अर्ध्या तासानं बाहेर काढून इस्त्री केली.

तिसरी भानगड दूध उकळण्याची. कात्रणात लिहिलं होतं, दुधाला उकळी येऊ देऊ नका. आत्यांना हे पटणं शक्य नव्हतं. दूध उकळून वर आल्याशिवाय त्यांच्या लेखी ते दूधच नाही. मी पाठ वळवली की त्या गॅस मोठा करायच्या, आणि एकदा मी पोरांना क्लासवरून आणायला गेले तेवढ्यात त्यांनी ते पातेलं तासभर आटवून, त्यात वेलदोडा घालून झक्क बासुंदी केली. मी परत आले तर दोन वाट्या ओतून तयार होत्या.

"ह्ये शिकव," त्या म्हणाल्या. "ह्ये कुणी चुकवू शकत न्हाय."

मी रडले. अगदी खरं सांगते, ओट्याला टेकून रडले. बोर्डावर ती लाल अक्षरं होती, काकूंचा तो 'हं' होता, आणि जेमतेम आठ दिवस उरले होते. आत्यांना रडणाऱ्या बायकांचा कंटाळा होता. त्यांनी बासुंदी झाकून ठेवली आणि म्हणाल्या, "रडू नगंस. तुला काय पायजे त्ये नीट सांग. पयल्यापास्नं सांग."

मग मी त्यांना सांगितलं. पुण्याचं खोटं तेवढं सोडून सगळं सांगितलं. पांढरं पाहिजे, गोड पण उग्र नको, वेलदोडा नको, आणि चमचा लावला की थरथरलं पाहिजे. आत्यांनी विचार केला. त्या दिवसापासून विरजणाच्या पातेल्याशेजारी एक नवी वाटी आली, बिनविरजणाची. कट्ट्यावरून आणलेलं म्हशीचं दूध त्या उकळायच्या, गार करायच्या, आणि बोटाएवढी जाड साय त्या वाटीत ठेवायच्या. तीन दिवसांची ताजी साय. दूध थोडंसंच आटवायचं, रंग बदलायच्या आधी उतरवायचं. त्यात साय मोडून फेटायची, साखर, आणि चायना ग्रास. बुधवारचा प्रयोग घट्ट बसला, चवही आली, पण थरथर नाही. ताटली हलवली तर नुसता ताटलीबरोबर फिरला. चायना ग्रास अजून निम्मं केलं पाहिजे होतं, पण साय संपली होती. पुढची साय जमणार ती थेट शनिवारसाठी. म्हणजे जे प्रमाण मी अकरा वह्यांत उतरवून देणार होते ते मी स्वतः एकदाही करून बघितलेलं नव्हतं.

पाकासाठी मासिकात स्ट्रॉबेरी होती. मे महिन्यात कोल्हापुरात स्ट्रॉबेरी कुठली. पण पन्हाळ्याकडच्या बायका पाट्या भरून करवंदं आणतात, पिकून काळी झालेली. ती मिठाच्या पाण्यात धुऊन त्यांचा चीक घालवला, कुस्करली, बिया गाळल्या, साखर घालून उकळली, आणि जांभळट लाल रंगाचा असा काही पाक झाला की मी पातेल्यातच बोट घातलं. एवढी एक गोष्ट पहिल्या फटक्यात जमली.

शनिवारी सकाळी दहाला मी चौदा वाट्या ओतल्या. टीव्हीवर करतात तसं करायचं ठरवलं होतं. बायकांसमोर कृती दाखवायची आणि आधी केलेले खायला द्यायचे. वाट्या ओळीनं फ्रिजमध्ये लावल्या, दार लावलं, हात जोडले आणि लाइट गेली.

तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते. आमच्या भागाची पाळी सकाळी लवकर असायची, म्हणून तर मी दहाची वेळ धरली होती. शेजारणीनं गॅलरीतून ओरडून सांगितलं की आजपासून वेळापत्रक बदललं, आता चारपर्यंत येत नाही. मी फ्रिजपुढं जमिनीवर बसले. कात्रणात फ्रिजमध्ये चार तास म्हटलं होतं, आणि माझ्यापुढं आंब्याच्या फोडी आणि पाण्याच्या बाटल्यांनी भरलेलं एक बंद कपाट होतं.

आत्यांनी मला बाजूला केलं. "लाइट नव्हती तवा आम्ही काय गार खाल्लं न्हाय व्हय?" त्यांनी मोठी परात काढली, तिच्यात माठाखालची ओली वाळू पसरली, वर माठातलं पाणी शिंपडलं, वाट्या वाळूत रोवल्या, आणि सगळ्यावर ओलं पातळ टाकून परात मागच्या दारात, वारा येतो तिथं ठेवली. दर अर्ध्या तासानं पाणी मारत बसल्या. मी बारा वेळा पातळ उचलायला गेले आणि बारा वेळा त्यांनी माझ्या हातावर मारलं.

एक गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. जिलेटिन थंडीशिवाय घट्ट बसत नाही, उन्हाळ्यात तर त्याचं पाणीच झालं असतं. चायना ग्रासला फ्रिज लागतच नाही, ते नुसतं निवलं तरी धरतं. म्हणजे आत्यांनी हाडाला हरकत घेतली नसती तर मी त्या दिवशी संपलेच होते. दीड वाजता त्यांनी पातळ काढलं. चौदाच्या चौदा वाट्या धरल्या होत्या आणि माठातल्या पाण्याइतक्या गार होत्या.

दोन वाजता बायका आल्या. पंखा बंद, सगळ्या वहीनंच वारा घेत होत्या. मी कृती सांगितली, करून दाखवली, आवाज मोठा ठेवला म्हणजे कापत नाही. काकू पहिल्या रांगेत, खुर्चीवर. त्या एक अक्षर लिहून घेत नव्हत्या. नुसत्या परातीकडं बघत होत्या. मी मनात म्हटलं, बघा, लिहून घेण्यासारखं ह्यांना काही वाटतच नाही.

मग पहिली वाटी मी ताटलीवर पालथी घातली. काही झालं नाही. हलवली, ठोकली, काही नाही. अकरा जणी मान पुढं काढून बघत होत्या. आत्या दारात बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "कडंनं बोट फिरव आणि बुडाला थाप मार." मी कडेनं बोट फिरवलं, थाप मारली, आणि तो पांढरा गोळा सुळकन ताटलीत आला. मी ताटली उचलली. तो हलला. खरोखर, इकडून तिकडं थरथरला. वर करवंदांचा पाक ओतला आणि ताटली सरळ नेऊन काकूंच्या हातात दिली. काय व्हायचं ते एकदाच होऊ दे.

काकूंनी चमचा लावला. आधी थरथर बघितली. मग घास घेतला आणि डोळे मिटले. माझ्या मागं कुणाची तरी बांगडी वाजली तेवढाच आवाज. शेवटी एकीला राहवलं नाही. "काकू, सांगा की. तिकडं असंच असतंय काय?"

काकूंनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. "असंच," त्या म्हणाल्या. "अगदी असंच असतं."

त्यानंतर जे झालं ते काही मी नीट पाहिलं नाही, कारण मला रडू येत होतं आणि ते लपवायला मी ओट्याकडं तोंड करून वाट्या पालथ्या घालत सुटले. बायका खात होत्या, पाक अजून घाला म्हणत होत्या, करवंदांचं हे कुणाच्या डोक्यात आलं म्हणून विचारत होत्या. जाण्याआधी आठ जणींनी पुढच्या महिन्यासाठी नावं दिली. एकीनं तर तिथंच ठरवलं की जाऊबाईंच्या डोहाळजेवणाला हेच करायचं. मी सगळ्यांना दारापर्यंत पोचवलं आणि परत आले तर काकू अजून खुर्चीवर बसलेल्या. ताटली मांडीवर, चाटूनपुसून साफ. आत्या मोरीपाशी भांडी घासत होत्या.

"मॅडम, एक विचारायचं होतं," काकू म्हणाल्या. "सगळ्यांसमोर नको होतं."

आता येणार, म्हटलं.

"मी एकदाच बोटीवर गेले," त्या म्हणाल्या. "ह्यांना बायकोला न्यायची परवानगी एकदाच मिळाली. मुंबई सुटली तेव्हापासून मला बोट लागली. इटलीच्या बंदरात दोन दिवस होतो. सगळे उतरले, फिरले. मी खोलीत पडून. मऊ भात आणि लिंबाचं लोणचं, ते सुद्धा पोटात राहत नव्हतं. ह्यांनी माझ्यासाठी हॉटेलातून एक मेनूकार्ड आणलं, त्यावर चित्र होतं. हे म्हणाले, चमचा लावला की थरथरतं. घरी आल्यावर जो तो विचारायला लागला, इटलीत काय खाल्लं? लोणचं-भात सांगू? एकदा सांगून टाकलं, पन्ना कोट्टा. मग सांगतच राहिले. वीस वर्षं झाली. आता ह्यांनाही वाटतं मी खाल्ला होता."

त्यांनी ताटली ओट्यावर ठेवली.

"तुम्ही पुण्यात खाल्लाय. म्हणून तर नाव घातलं मी क्लासला. मघाशी मी 'असंच' म्हणाले, ते खरं होतं का? खरंच असं लागतं?"

म्हणजे तो 'हं' असा होता तर. तीन आठवडे मी ज्या बाईला घाबरले ती माझ्यावर विश्वास टाकून आली होती. आता नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. काकू समाधानानं घरी गेल्या असत्या, बोर्ड राहिला असता, पुढच्या महिन्याच्या आठ जणी आल्या असत्या. पण मोरीपाशी भांड्यांचा आवाज थांबला होता. आत्यांची पाठ माझ्याकडं होती आणि त्या ऐकत होत्या. आणि आत्या नसत्या तरी, वीस वर्षांचं खोटं एवढ्या कष्टानं खाली ठेवलेल्या बाईच्या हातात मी माझं नवं खोटं देऊ शकले नसते.

"काकू," मी म्हटलं, "पुण्यात मी फक्त मिसळ खाल्लीय. आणि ती पण आवडली नव्हती."

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांनी तोंडावर पदर घेतला आणि त्यांचे खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतात, पण त्या हसत होत्या. एवढ्या हसल्या की खुर्चीची दांडी धरावी लागली. मीही हसले, पण निम्मंच, कारण आत्या हात पुसत उठत होत्या.

"आत्या, बोर्ड मी स्वतःच काढते," मी म्हटलं.

"कशापायी? फसवलं म्हणून कोण उठून गेलं काय?" आत्या म्हणाल्या. "ह्या तर बसूनच हायत." मग परातीतल्या उरलेल्या तीनातल्या दोन वाट्या त्यांनी बाहेर काढल्या, कडेनं बोट फिरवून दोन थापा मारल्या, आणि पाकाचं पातेलं दोन्ही ताटल्यांवर उपडं केलं. एक काकूंपुढं ठेवली, एक माझ्या हातात दिली.

"खावा दोघीबी," त्या म्हणाल्या. "उद्या कुणी इचारलं तर खरं सांगाय येतंय."